पाटीवरचं नाव चालताना दिसलं, आता पुढे?

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही कोथरूडला वाढलात. यशवंतराव चव्हाण हे नाव तुम्हाला नाट्यगृहाचं, मुक्त विद्यापीठाचं आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं म्हणूनच ठाऊक. मग कुणीतरी पन्नास सेकंदांची एक कृष्णधवल क्लिप पाठवली. खाली फक्त ‘मुंबई, १९६०’. त्यात नेहरू आहेत. त्यांच्या शेजारी गांधी टोपीतला, अंगाने भरलेला, चेहऱ्याने तरुण असा माणूस. तो गळ्यातला हार काढून मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातात देतो, मान जराशी कलती करून नेहरूंचं बोलणं ऐकतो आणि मग भराभर चालत फ्रेमबाहेर जातो. ती क्लिप तुम्ही त्या रात्री तीसेक वेळा पाहिलीत. आता विचारताय की या माणसाचं आणखी फुटेज कुठे मिळेल. आणि क्लिप पाहून जे वाटलं, म्हणजे हा माणूस नम्र होता, ऐकून घेणारा होता, कामाच्या घाईत होता, त्यावर किती विश्वास ठेवायचा?

दोन प्रश्न आहेत, पण अवघड आहे तो दुसराच. फुटेज मिळतं. वेळ जातो, पैसे जातात, पत्रव्यवहार करावा लागतो, पण मिळतं. मिळालेल्या फुटेजमधून माणूस कसा वाचायचा, हे मात्र कुणी शिकवत नाही. मी गेली सव्वीस वर्षं माहितीपटांसाठी जुनं फुटेज शोधून देण्याचं काम करते. सुरुवात एका संकलकाच्या हाताखाली झाली. डबे पुसायचे, रिळं गुंडाळायची, स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म संकलनाच्या टेबलावर, तासन्‌तास माणसं मागेपुढे पळवायची. तेव्हा जे हाताला कळलं तेच इथे सांगते.

एक आधीच कबूल करते. तुमच्याकडची क्लिप कुठून आली, त्यावर बरंच अवलंबून आहे. मूळ संग्रहातून थेट उतरवलेली असेल तर तिला तारीख, क्रमांक, शॉटची यादी असं काहीतरी मागे असतंच. कुणी टीव्हीवरून उतरवलेली, मग कापलेली, मग फॉरवर्ड झालेली असेल, तर खालचं ‘मुंबई, १९६०’ हे कुणाच्या तरी अंदाजापलीकडे काही नाही असं धरून चाला. मी इथे दुसरी शक्यता धरून लिहिते आहे, कारण दहातल्या नऊ वेळा तसंच निघतं.

पहिलं काम, आवाज बंद करा. तुम्ही लिहिलंय की क्लिपमध्ये टाळ्यांचा कडकडाट आहे, सनई आहे आणि भारदस्त आवाजातलं निवेदन आहे. त्यातलं काहीही त्या जागेवरचं नसण्याची शक्यता फार मोठी. त्या काळचे बातमीपट बहुतेक मूकच चित्रित होत. कॅमेरामनच्या हातात चावीचा कॅमेरा असे, आवाज घेण्याची यंत्रणा वेगळी आणि जड, ती मोजक्याच ठिकाणी नेली जाई. फिल्म मुंबईला आली की संकलन व्हायचं, मग त्यावर निवेदन, संगीत आणि साठ्यातल्या टाळ्या चढवल्या जायच्या. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या बातमीपटाचं चित्र एकच असे आणि निवेदनं अनेक भाषांत. म्हणजे यशवंतरावांची तीच मान कलती करणं कऱ्हाडच्या प्रेक्षकाने एका भाषेत ऐकलं आणि मद्रासच्या प्रेक्षकाने दुसऱ्या. हे बातमीपट दाखवण्याची अट थिएटरच्या परवान्यातच होती, त्यामुळे सिनेमाला गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिले. निवेदन हा पुरावा आहेच, पण तो दिल्लीला आपल्या नागरिकांना काय सांगायचं होतं याचा. माणसाचा पुरावा चित्रात आहे. आवाज बंद करून पाच वेळा पाहा. सनई गेली की ‘नम्र’ हा शब्द किती उरतो ते पाहा. उरला तर चांगलंच आहे.

दुसरं, त्यांचं भराभर चालणं. इथे मी तुम्हाला थोडी निराश करणार आहे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला चोवीस फ्रेमच्या वेगाने चालते, टीव्हीसाठी उतरवताना आपल्याकडे ती पंचवीसने चालवत. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. पण सोळा मिलिमीटरचे हौशी आणि छोटे कॅमेरे पुष्कळदा सोळा फ्रेमवर लावलेले असत. सोळाने टिपलेलं चोवीसने दाखवलं की माणूस दीडपट वेगाने चालतो. चावी संपत आली की कॅमेराही मंदावतो, आणि मंदावलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली माणसं पडद्यावर अधिकच पळतात. म्हणून चालण्याचा वेग माणसावरून ठरवू नका, वस्तूंवरून ठरवा. गुरुत्वाकर्षण कुणाची भीड ठेवत नाही. फुलं उधळली जात असतील तर पाकळ्या किती फ्रेममध्ये खाली येतात ते मोजा. झेंडा कसा फडकतो, मागे कुणी मूल उडी मारतंय का, हे पाहा. पाकळ्या दगडासारख्या खाली येत असतील तर तुमचे यशवंतराव प्रत्यक्षात निवांत चालत होते. मे १९६० मध्ये ते ४७ वर्षांचे होते (जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे), आणि अंगाने स्थूल. त्या देहाला ती चाल शोभते का, हाही विचार करा.

आणखी एक चटकन करायची तपासणी म्हणजे चित्र उलटं तर नाही ना. निगेटिव्ह उलटी लागली की डावं-उजवं बदलतं. मागची पाटी वाचता येत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर बायकांचे पदर कोणत्या खांद्यावर आहेत ते पाहा, जाकिटाचा वरचा खिसा कोणत्या बाजूला आहे ते पाहा. कुणी कुणाच्या उजव्या हाताला उभं होतं यावरून लोक मोठमोठे निष्कर्ष काढतात, म्हणून हे सांगते.

आता तारीख. ‘मुंबई, १९६०’ म्हटलं की आपलं मन सरळ १ मे कडे धावतं. महाराष्ट्राचा मंगलकलश, नेहरू, यशवंतराव, सगळं जुळतं. पण तुम्हीच लिहिलंय की क्लिप उन्हातली आहे, सावल्या आखूड आहेत. राज्याच्या उद्घाटनाचा मुख्य सोहळा ३० एप्रिलच्या मध्यरात्री राजभवनावर झाला. म्हणजे भर दुपारचं चित्र त्या सोहळ्याचं असू शकत नाही. नेहरू आणि यशवंतराव शेजारी शेजारी उभे राहण्याचे प्रसंग १९५६ ते १९६४ या काळात पुष्कळ आले. १ नोव्हेंबर १९५६ ला यशवंतराव द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि २७ मे १९६४ ला नेहरू वारले. या आठ वर्षांतला कुठलाही दिवस असू शकतो. चित्रातच काही सापडतं का ते बघायला हवं.

कसं सापडतं, त्याचं एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी एका माहितीपटासाठी मी मुंबईच्या रस्त्यावरचा जल्लोषाचा एक सुंदर शॉट निवडला होता. ज्या संग्रहातून तो आला तिथल्या डब्यावर ‘मे १९६०, महाराष्ट्र राज्य उत्सव’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. गर्दी, गुलाल, छतांवर माणसं. संकलन झालं, सगळ्यांना आवडलं. शेवटच्या दिवशी मी तो शॉट एकेक फ्रेम पुढे नेत होते, कारण गर्दीत एक म्हातारी बाई होती, तिचा चेहरा मला पुन्हा बघायचा होता. तिच्या डोक्यावर आकाशाचा एक तुकडा दिसत होता आणि त्यात तारा. ट्रामला वरून एकच तार लागते, कारण वीज परत जाते ती रुळांतून. या तारा जोडीने होत्या, हातभर अंतरावर, समांतर. जोडीची तार लागते ट्रॉलीबसला, कारण तिला रूळ नसतात. मुंबईत ट्रॉलीबस सुरू झाली १९६२ मध्ये, गवालिया टँक ते माझगाव डॉक. म्हणजे तो शॉट मे १९६० चा असणं शक्यच नव्हतं. कुणीतरी कधीतरी तो गर्दीचा शॉट साठ्यातून काढून उत्सवाच्या रिळात जोडला होता, आणि नंतर डब्यावर नाव आलं ते उत्सवाचं. मला तो शॉट काढायला लागला. आजही वाईट वाटतं, कारण त्या बाईच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता, फक्त तो कशाचा होता हे आपल्याला माहीत नाही.

तेव्हापासून मी गर्दीत आधी तारा बघते. तुमच्या क्लिपमध्ये रस्ता असेल तर तुम्हीही बघा. ट्राम दिसली तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचं, कारण त्या दिवशी शेवटची ट्राम धावली. सिनेमाची पोस्टरं, दुकानांच्या पाट्या, मोटारींच्या नंबरप्लेटी, मैलाचे दगड, सगळं बोलतं. खरी फिल्म हातात मिळाली तर आणखी सोपं जातं. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा छापलेल्या असतात, त्यावरून फिल्म कोणत्या साली तयार झाली ते कळतं. त्या खुणा दर वीस वर्षांनी फिरून येत, त्यामुळे १९४० आणि १९६० यांत गोंधळ होऊ शकतो, पण १९५७ आणि १९६० यांत नाही. आणि निगेटिव्हवरची खूण प्रिंटवरही उतरलेली असू शकते, म्हणून एकाच कडेला दोन वेगळ्या खुणा दिसल्या तर घाबरू नका. एक चित्रीकरणाच्या फिल्मची, दुसरी प्रत काढलेल्या फिल्मची.

इथवरचं थोडक्यात: आवाज वेगळा काढा, वेग तपासा, तारीख चित्रातून ठरवा. एवढं झालं की क्लिप कुठल्या दिवशीची आहे हे साधारण कळतं, आणि दिवस कळला की ती पन्नास सेकंदं एका मोठ्या गोष्टीत बसवता येतात. मला ज्यावर जास्त बोलायचंय ते इथून पुढे आहे.

कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा होता? पन्नास सेकंदांचं चित्र म्हणजे पस्तीस मिलिमीटरची पंचाहत्तर फूट फिल्म. आयमोसारख्या हातातल्या कॅमेऱ्यात शंभर फुटांचं रीळ बसायचं, मिनिटभराचंच. कच्ची फिल्म परदेशातून यायची आणि तोलूनमापून मिळायची. असा कॅमेरामन उगाच इकडेतिकडे बघत नाही. पाहुणे कुठून येणार, हार कुठे घातला जाणार, फीत कुठे कापली जाणार, हे त्याला आधी सांगितलेलं असे आणि तो तिथेच तोंड करून उभा राही. त्याच्या पाठीमागे काय चाललंय ते त्या पंचाहत्तर फुटांत नसतं.

प्रतापगडचं घ्या. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरूंच्या हस्ते गडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं. मुख्यमंत्री म्हणून यशवंतराव शेजारी होते. अशा प्रसंगी कॅमेऱ्याची जागा ठरलेली असते, ती पुतळ्यासमोर आणि व्यासपीठासमोर. पण त्या दिवसाची दुसरी बाजू गडाच्या खाली होती. वाई आणि पसरणी घाटाच्या रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं हजारोंनी काळे झेंडे घेऊन उभी होती. ज्यांनी संयुक्त महाराष्ट्र अजून दिला नाही त्यांनी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण का करावं, हा त्यांचा सवाल होता. एस. एम. जोशी, अत्रे, डांगे, क्रांतिसिंह नाना पाटील या मंडळींनी राज्यभर रान पेटवलं होतं. तुम्ही नुसतं अनावरणाचं फुटेज पाहिलंत तर तुम्हाला एक प्रसन्न, सुसंस्कृत मुख्यमंत्री दिसेल. घाटातली माणसं डोळ्यांपुढे आणून तेच फुटेज पाहिलंत तर तोच चेहरा वेगळा दिसायला लागतो. हा माणूस पाहुण्याबरोबर त्या रस्त्याने वर आला आहे, ज्या रस्त्यावर त्याच्याच जिल्ह्याची माणसं त्याच्या सरकारविरुद्ध उभी आहेत. वाई साताऱ्याची आणि यशवंतरावही साताऱ्याचेच. त्या चेहऱ्यावर ताण आहे का? मला तो दिसतो. पण मी कबूल करते की मला घाटातलं माहीत आहे म्हणून दिसतो. चित्र आणि माहिती एकमेकांत अशीच मिसळतात, आणि कुठलं कुठून आलं हे स्वतःला विचारत राहावं लागतं.

आता तुमच्या क्लिपमधली ती कलती मान. नेहरूंचं ऐकताना यशवंतरावांच्या चेहऱ्यावर आदर आहे असं तुम्ही लिहिलंत, आणि तो तुम्हाला भावला. आदर खरा होता, त्यात मला शंका नाही. पण त्याची किंमत काय होती तेही पाहा. १९५५ च्या अखेरीला फलटणला त्यांनी असं म्हटलं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंच्या बाजूने उभा राहीन. ते आशयाने सांगतेय, त्यांचे नेमके शब्द त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून वाचा. त्याच नोव्हेंबरच्या २१ तारखेला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला होता, माणसं मेली होती, आणि यशवंतराव मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत फलटणचं ते वाक्य पुढे अनेक वर्षं विसरलं गेलं नाही. माझ्या आजोळी तर नाहीच. माझे आजोबा गिरणीत होते. यशवंतरावांचं नाव निघालं की ते आधी ‘फलटण’ म्हणायचे, आणि बऱ्याच वेळाने स्वतःच म्हणायचे, ‘पण महाराष्ट्र आणला, हेही खरं.’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल, एकाच तोंडून यायची. तुमच्या पन्नास सेकंदांत दोन्ही मावत नाहीत. मावायला हवीत असा आग्रहही नाही, पण बघणाऱ्याकडे दोन्ही हवीत.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की तारीख कळली की मी त्या तारखेच्या आधीचे चार आणि नंतरचे चार दिवस वर्तमानपत्रं वाचते, आणि मुद्दाम विरोधकांचं आधी. १९५६ नंतरच्या काळासाठी अत्र्यांचा दैनिक मराठा घ्या. तो नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झाला तोच या लढ्यासाठी. त्यात यशवंतरावांना जे काही म्हटलंय ते वाचून तुमचा जीव कळवळेल. वाचा तरीही. मग केसरी, मग मुंबईची इंग्रजी पत्रं. त्यानंतर क्लिपकडे परत या. माझा अनुभव असा की विरोधकांचं वाचून झाल्यावरही जो गुण चित्रात टिकून राहतो तो बहुधा त्या माणसाचाच असतो.

आणखी एक अडचण यशवंतरावांच्या बाबतीत खास आहे. त्यांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशी थांबतं. पुढचे भाग राहूनच गेले, १९८४ मध्ये ते वारले. आणि कॅमेरा त्यांच्याकडे खऱ्या अर्थाने वळतो तो १९५६ नंतर, मुख्यमंत्री झाल्यावर. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहून सातारा जिल्ह्यात फिरणारा तरुण कुणी चित्रित केलेला नाही, आणि ते स्वाभाविक आहे, भूमिगत माणसासमोर कोण कॅमेरा लावणार. म्हणजे जिथे त्यांचा स्वतःचा शब्द आहे तिथे चित्र नाही, आणि जिथे चित्र आहे तिथे त्यांनी स्वतः सलग सांगितलेलं काही नाही. मधली दहा वर्षं जवळजवळ रिकामी. ही फट भाषणांनी आणि पत्रांनी भरावी लागते. ‘कृष्णाकाठ’ आधी वाचा मात्र. देवराष्ट्रे, कऱ्हाड, आई, गरिबी, हे वाचल्यावर क्लिपमधला तो जाकिटातला माणूस कुठून चालत आला ते समजतं.

शोधायचं कुठे, ते आता भराभर सांगते. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि आपल्या विषयाचं सर्वांत जास्त फुटेज त्यांचंच. २०२२ पासून ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालंय, त्यामुळे अर्ज तिकडे करायचा. नुसतं ‘यशवंतरावांचं फुटेज हवंय’ असं लिहू नका. तारीख, ठिकाण, प्रसंग लिहा. तुम्ही पुण्यातच आहात, तर लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जा. १९६४ पासूनची संस्था आहे, ग्रंथालय उत्तम आहे. त्याच्या आवारातला जुना बंगला बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचा. गोलमेज परिषदेला गेलेले, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तुमच्यासारख्याला त्या जिन्याजवळ दोन मिनिटं थांबावंसं वाटेल.

परदेशी संग्रहांत यशवंतराव सापडतात ते मुख्यतः संरक्षणमंत्री म्हणून. ब्रिटिश पाथेने २०१४ मध्ये आपली सुमारे ८५ हजार फिल्म्स यूट्यूबवर टाकली, ती घरबसल्या चाळता येतात, आणि रॉयटर्सचा जुना साठाही त्यांच्याच साइटवर आहे. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजींबरोबर यशवंतराव होते. ती बोलणी सोव्हिएत कॅमेऱ्यांनीही टिपली, आणि तिकडच्या बातमीपटांचा मोठा संग्रह मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कला आहे. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेत होते, तिथेच त्यांना नेहरू गेल्याची बातमी कळली. म्हणून वॉशिंग्टनचं राष्ट्रीय अभिलेखागारही यादीत ठेवा.

या सगळ्या ठिकाणी नावाने शोधलंत तर हाती थोडं लागेल. परदेशी यादीकाराने चव्हाण हे आडनाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, कधी मध्येच एखादं अक्षर जास्त, कधी आद्याक्षरं चुकलेली, आणि बऱ्याचदा नुसतंच ‘भारताचे संरक्षणमंत्री’. पद, शहर आणि महिना यांवरून शोधा. नेहरू, शास्त्री, राधाकृष्णन यांच्या नावाखालचं फुटेज उघडा आणि त्यांच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. मला यशवंतरावांचे सर्वांत चांगले शॉट इतरांच्या नावाच्या डब्यांत मिळालेत. जेव्हा कॅमेरा मुख्य पाहुण्याकडे असतो तेव्हा बाजूचा माणूस सावध नसतो, आणि सावध नसलेला माणूस बघण्यासारखा असतो.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट. एका क्लिपमधल्या एका लकबीवरून स्वभाव ठरवू नका. हार काढून मागे देणं हे त्या काळच्या प्रत्येक पुढाऱ्याला दिवसातून वीस वेळा करावं लागे. पण तीन वेगळ्या वर्षांच्या, तीन वेगळ्या कॅमेरामननी घेतलेल्या फुटेजमध्ये तीच मान तशीच कलती झालेली दिसली, समोर नेहरू नसून एखादा शेतकरी किंवा जवान असतानाही दिसली, तर तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे असं मी म्हणेन. १९६५ च्या युद्धाच्या काळातलं, जवानांमध्ये वावरतानाचं फुटेज त्यासाठी मुद्दाम शोधा. वही करा. तारीख, ठिकाण, समोर कोण, डोकं कसं, हात कुठे, एवढंच लिहा. विशेषणं लिहू नका, ती पंधराव्या नोंदीनंतर आपोआप सुचतात आणि तेव्हा ती बरीच बरोबर असतात.

त्यांचा खरा आवाज हवा असेल तर तो बातमीपटात शोधू नका. आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं आहेत, आणि १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर पुढाऱ्यांचं चित्र आणि बोलणं एकत्र मिळण्याची शक्यता वाढते. टेप महाग असल्यामुळे जुन्यावर नवीन चढवायची रीत तेव्हा सगळीकडेच होती, त्यामुळे जे उरलं ते थोडं. मुंबईत मंत्रालयाजवळच्या यशवंतराव चव्हाण केंद्रात विचारा. कऱ्हाडला त्यांच्या पत्नी वेणूताईंच्या नावाचं स्मारक आहे, तिथे त्यांची ग्रंथसंपदा ठेवलेली आहे. पुढाऱ्याने काय वाचलं ते त्याच्या चालण्याइतकंच बोलकं असतं. तिथून प्रीतिसंगम जवळच, कृष्णा-कोयनेच्या काठी त्यांची समाधी आहे.

शेवटचा मुद्दा, आणि हा मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. सरकारी रिळांत जे नाही ते पुष्कळदा लोकांच्या माळ्यावर असतं. साठच्या दशकात साखर कारखान्यांचे, शिक्षणसंस्थांचे, शहरातल्या हौशी लोकांचे सोळा आणि आठ मिलिमीटरचे कॅमेरे होते. कारखान्याच्या मोळीपूजनाला, वसतिगृहाच्या पायाभरणीला यशवंतराव येत, आणि कुणीतरी ते टिपे. हे डबे उघडताना आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर समजा की फिल्म कुजायला लागली आहे. प्रोजेक्टरवर चढवू नका, तुटेल. डबा थंड, कोरड्या जागी ठेवा, बाकीच्या डब्यांपासून लांब, कारण ती वाफ शेजारच्या रिळालाही लागते, आणि आधी तज्ज्ञाकडून स्कॅन करून घ्या. तो वास आल्यावर दोन-चार वर्षं थांबू असं म्हणणाऱ्या एका कुटुंबाचं रीळ मी नंतर पाहिलं. आकसून लाकडाच्या गाठीसारखं झालं होतं, एकही वेटोळं सुटलं नाही.

तुमच्या क्लिपबद्दल एकच सुचवायचं राहिलं. यशवंतराव हार ज्याच्या हातात देतात तो माणूस तुम्ही ‘मागे उभा असलेला कुणीतरी’ असा लिहिलाय. त्याचा चेहरा क्लिपमध्ये स्पष्ट दिसतो का? दिसत असेल तर ती फ्रेम थांबवून मोठी करून छापा. स्वीय सहायक, स्थानिक कार्यकर्ता, अंगरक्षक, कुणीही असेल. बातमीपटाच्या निवेदनात त्याचं नाव येणार नाही, पण त्याच्या घरच्यांनी तो दिवस लक्षात ठेवलेला असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तारीखही. ती छापलेली फ्रेम घेऊन कऱ्हाडला जा आणि सत्तरीच्या पुढच्या माणसांना दाखवा. यशवंतरावांना ते सगळे ओळखतील. तुम्ही बोट त्या दुसऱ्या माणसावर ठेवा.